ऑपरेशनचा व्रण आधी बरा होता, आता जास्त लाल आणि कडक का झालाय?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. थायरॉइडमध्ये गाठ होती म्हणून अर्धी ग्रंथी काढली. गाठ साधी निघाली, मोठी काळजी मिटली. आता जे उरलंय ते त्या मानाने किरकोळच, पण रोज आरशात दिसतं.

गळ्याच्या खालच्या बाजूला आडवा छेद आहे. टाके आतून विरघळणारे होते, वरून चिकटपट्ट्या. पट्ट्या निघाल्या तेव्हा बारीक गुलाबी रेघ दिसली आणि मी खूश झाले. आता दोन-अडीच महिने होत आलेत, आणि तीच रेघ लालभडक झालीय, थोडी फुगलीय, हाताला दोरीसारखी लागते. घोट गिळला की आतून ओढल्यासारखं होतं. संध्याकाळी खाज येते ती वेगळीच. सर्जनना दाखवलं तर म्हणाले, "उत्तम भरलंय, सहा महिन्यांनी या." ओपीडीबाहेर एवढी गर्दी होती की पुढे विचारायचा धीर झाला नाही.

घरी सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाईंनी बटाटा आणि भात बंद केलाय. जाऊबाई म्हणतात 'ई' व्हिटॅमिनची कॅप्सूल फोडून चोळ. ऑफिसातल्या एकीने कांद्याच्या अर्काचं महागडं जेल आणून दिलंय. वैशाखात भाचीचं लग्न आहे आणि ठुशी घालता येईल की नाही, हा माझा खरा प्रश्न. (हसू नका.)

हा व्रण उलटा का चाललाय? आणि किती दिवस?

मी_धुळेकर

माझं अपेंडिक्स कॉलेजात असताना काढलं. वर्षभर ती रेघ गांडुळासारखी लाल होती. आता बायकोला दाखवायची म्हटलं तर उजेडात शोधावी लागते. वेळ द्या ताई.

अपर्णा_पेठे

सायली, सिझरनंतर माझंही अगदी हेच. सव्वा महिना होऊन बाळाचं बारसं झालं तेव्हा टाके छान दिसत होते, नंतर लाल आणि कडक झाले. शिवाय व्रणाच्या वरचा हातभर भाग बधिर. स्वतःच्या पोटाला हात लावला तर दुसऱ्याच्या पोटाला लावल्यासारखं वाटायचं! ते कुणीच आधी सांगितलं नव्हतं. बधिरपणा हळूहळू कमी झाला, अजून मधोमध थोडा आहे.

साडी नेसणाऱ्यांना एक सांगते, परकराची नाडी व्रणावर येऊ देऊ नका. नाडी सतत घासून घासून माझ्या एका टोकाला जाड गाठ झाली, बाकीचा व्रण सपाट आहे. मी नंतर रुंद पट्ट्याचे परकर शिवून घेतले.

टाकेवाला

मी जनरल सर्जन, सांगलीकडे प्रॅक्टिस करतो. सायलीताई, तुमचं वर्णन वाचून घाबरण्यासारखं काही दिसत नाही. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खात्रीने बोलता येत नाही, तरी हे चित्र आम्ही रोज बघतो.

लोकांची अशी समजूत असते की टाके निघाले म्हणजे जखम भरली. कातडी मिटायला आठ-दहा दिवस लागतात हे खरं. चेहऱ्याचे टाके आम्ही पाचव्या दिवशीच काढतो, पोटाचे सात ते दहा दिवसांनी, पाठीचे आणि सांध्यावरचे चौदा दिवसांपर्यंत ठेवतो. पण तेव्हा फक्त दार लागलेलं असतं. टाके काढल्याच्या सुमारास त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, तीन आठवड्यांनी २० ते ३० टक्के, आणि तीनेक महिन्यांनी ७०-८० टक्क्यांपर्यंत पोचते. पूर्ण शंभर कधीच होत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दीड-दोन महिने पाण्याची बादली उचलू नका म्हणतो ते उगाच नाही.

आता लाली. जखम झाली की शरीराला घाई असते. मिळेल तसं कोलॅजन (कातडी बांधून ठेवणारं प्रथिन) आणून टाकायचं, रक्तपुरवठ्यासाठी भरमसाट बारीक रक्तवाहिन्या काढायच्या. आधी घाईघाईने ठिगळ लावायचं आणि मग सावकाश रफू करायचं, असा हा कारभार आहे. पहिल्या महिन्यात ठिगळ पातळ असतं म्हणून रेघ बारीक दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माल सर्वांत जास्त साठलेला असतो, म्हणून व्रण लाल, उंच, कडक आणि खाजरा. व्रण सर्वांत वाईट दिसण्याचा काळ हाच. तुम्ही नेमक्या त्यातच आहात. पुढे कच्चं कोलॅजन मोडून त्या जागी पक्कं येतं, जादा रक्तवाहिन्या मिटतात, आणि लाल, मग गुलाबी किंवा तपकिरी, मग फिकट असा रंग उतरत जातो. याला वर्ष लागतं, काहींना दीड-दोन. म्हणून व्रण 'दुरुस्त' करायचं ऑपरेशन आम्ही सहसा वर्षभर तरी करत नाही.

गिळताना ओढतं, कारण व्रण खालच्या थरांना चिकटलेला असतो आणि गिळताना ते थर वर सरकतात. तेही काही महिन्यांत सैल होतं.

लहान मुलं आणि तरुणांचे व्रण जास्त दिवस लाल राहतात. म्हाताऱ्यांची जखम हळू भरते, पण शेवटी व्रण अनेकदा त्यांचाच चांगला दिसतो. आमच्या धंद्यातली ही एक गंमत.

रोखठोक_रत्नागिरी

डॉक्टर, छान समजावलंत. पण मग केमिस्टकडे रांगेने लावलेली ती मलमं कशासाठी? वेळेनेच बरं होणार असेल तर हजार रुपये कशाला घालवायचे? तुम्ही लोकच लिहून देता ना! (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

टाकेवाला

दिवे घेतले. लिहून देतो, कारण न दिल्यास पेशंट शेजारच्याला विचारून काहीतरी भलतंच लावतो.

थोडं खरं सांगतो. 'ई' व्हिटॅमिन जखमेवर चोळण्यावर १९९९ मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला. बहुतेकांच्या व्रणात काही फरक नाही किंवा उलट वाईटच, आणि सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांना त्याचीच अॅलर्जी येऊन पुरळ. तेव्हा जाऊबाईंना नमस्कार सांगा आणि कॅप्सूल राहू द्या. कांद्याच्या जेलचा पुरावा तोकडा आहे. नुकसान फारसं नाही, पण माझ्या मते त्यातला बराचसा फायदा रोज हलक्या हाताने चोळण्याचा असावा. मग साधं खोबरेल किंवा व्हॅसलीनही चालेल.

ज्यामागे त्यातल्या त्यात आधार आहे ते सिलिकॉन. जेल किंवा पारदर्शक पट्टी. जखम पूर्ण मिटून खपल्या पडल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुरू करायचं. पट्टी दिवसाचे किमान बारा तास, आणि दोन-तीन महिने तरी. आठवडाभर लावून 'काही फरक नाही' म्हणणारे खूप भेटतात. गळा सतत हलतो, पट्टी टिकत नाही, तिथे जेल बरं. डोंबिवलीच्या घामात पट्टीखाली घामोळं आलं तर दोन दिवस सुटी द्या, पट्टी धुवून वाळवा, पुन्हा लावा.

रत्नागिरीकरांसाठी स्वस्तातला उपाय: साधी कागदी मायक्रोपोर टेप. व्रणाच्या लांबीवर चिकटवून ठेवायची, सुटली की बदलायची, असं दोन-तीन महिने. व्रण जाड होतो त्यात ताणाचा मोठा हात असतो, आणि टेप तो ताण थोडा स्वतःवर घेते. तुमच्या सर्जनने छेद गळ्याच्या नैसर्गिक वळीत दिलाय तोही त्यासाठीच. कातडीवर या ताणाच्या ठरावीक रेषा असतात. व्हिएन्नाच्या लँगर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये प्रेतांच्या कातडीला भोकं पाडून त्या नोंदल्या. त्या रेषा तोडत छेद गेला की व्रण रुंद होतो.

आणि ऊन! आपल्या सावळ्या कातडीला ही गोष्ट सगळ्यांत भोवते. कोवळ्या व्रणावर ऊन पडलं की तो काळा पडतो आणि तो काळेपणा हट्टी असतो. ओढणी, स्कार्फ, नाहीतर एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, किमान वर्षभर. एवढं केलंत तरी हजार रुपये वाचले.

सातारकर_आबा

डॉक्टरसाहेब, सगळं पटलं, पण पथ्याचं काय? आमच्या हर्नियाच्या वेळी आईने महिनाभर बटाटा, वांगं, भात, आंबट काही दिलं नाही. टाका एकही पिकला नाही. बटाट्याने पू होतो हे आमच्याकडे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

टाकेवाला

आबा, पू जंतूंमुळे होतो. बटाट्यामुळे झाला असता तर वडापाववर जगणाऱ्या मुंबईत एकही टाका टिकला नसता.

माझं खरं भांडण वेगळं आहे. पथ्याच्या नावाखाली पेशंटला पंधरा दिवस मुगाचं पाणी आणि मऊ भाताची पेज देतात. नवी कातडी विणायची ती प्रथिनांनी. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, अंडी, मासे, चिकन, जे घरात चालत असेल ते भरपूर खायचं. आंबट तर मुळीच तोडू नका, लिंबू-आवळा-पेरूतलं 'सी' व्हिटॅमिन कोलॅजन घट्ट बांधायला लागतंच. एक ऐतिहासिक किस्सा सांगतो. १७४० मध्ये अॅन्सन नावाचा इंग्रज नौदल अधिकारी जगप्रदक्षिणेला निघाला. खलाशांना ताजी फळं-भाजी न मिळून स्कर्व्ही, म्हणजे 'सी' व्हिटॅमिनच्या कमतरतेचा रोग, झाला. त्यातल्या एका म्हाताऱ्याला पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. त्या कधीच्या भरलेल्या जखमा बोटीवर पुन्हा उघडल्या! म्हणजे व्रणात कोलॅजनची मोडतोड आणि बांधणी जन्मभर चालू असते, माल यायचा थांबला की शिवण उसवते.

खरी पथ्यं दोन. साखर ताब्यात ठेवा आणि तंबाखू-सिगारेट बंद. टाके पिकण्याच्या माझ्या केसेस मागे वळून बघितल्या तर बटाटा एकाही ठिकाणी सापडत नाही, मधुमेह आणि विडी मात्र पुन्हा पुन्हा सापडतात.

सातारकर_आबा

बरं. विडी सोडली होतीच तेव्हा, आईचा धाक! बटाट्याचं श्रेय तिकडे देतो.

रानजाई

सायलीताई, तुमचं कदाचित तसं नसेल, पण माझा अनुभव लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल. लग्नाआधी हौसेने बुगडीसाठी कान टोचला. छिद्र नीट भरलं, सहा-सात महिने काही नाही. मग तिथे एक गुळगुळीत, तुळतुळीत गाठ वाढायला लागली. वाढता वाढता बोरापेक्षा मोठी झाली. एका डॉक्टरांनी कापून काढली, टाके घातले. वर्षाच्या आत ती आधीपेक्षा मोठी होऊन परत आली. मग स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा केलॉइड. आईच्या खांद्यावरही बीसीजीच्या जागी तसंच आहे, पण आम्ही कधी तो दुवा जोडला नव्हता.

शेवटी गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शनं, दर महिन्याला एक, आणि रात्री कानाला दाब देणारी क्लिप. इंजेक्शन दुखतं, खोटं बोलणार नाही. आता गाठ सपाट आहे, रंग थोडा पांढुरका झालाय. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी हौसेने काही टोचू-गोंदवू नये असं मला वाटतं. माझ्या मुलीची बुगडी दाबाची घेतली आहे.

टाकेवाला

रानजाईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय, त्यात भर घालतो.

फुगलेला व्रण दोन प्रकारचा. एक छेदाच्या हद्दीतच राहतो, पहिल्या दोन महिन्यांत उठतो आणि वर्ष-दीड वर्षात बराचसा आपोआप बसतो. सायलीताईंचं बहुधा हेच. दुसरा केलॉइड. तो मूळ जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतो, कधी कधी कित्येक महिन्यांनी सुरू होतो आणि स्वतःहून मागे फिरत नाही. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, पाठीचा वरचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या-काळ्या कातडीत आणि तरुण वयात जास्त, घराण्यात चालतो.

नुसता कापून काढला तर बहुतेकदा परत येतो, म्हणून कापल्यावर इंजेक्शनं, दाब किंवा काही ठिकाणी थोडा किरणोपचार असं काहीतरी जोडून करावं लागतं. इंजेक्शन मधुमेह्यांनी सांगून घ्यावं, काही दिवस साखर वर जाते. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं की 'मला किंवा घरात कुणाला केलॉइड आहे' हे सर्जनला आधीच सांगा. आम्ही विचारायला हवं, पण राहून जातं.

पुणेरी_चिवडा

अवांतर: व्रणाचा विषय निघालाच आहे तर थोडी फुशारकी. सुश्रुताने व्रणाचे सात उपक्रम (म्हणजे उपचार) सांगितले, त्यातला शेवटचा 'वैकृतापह', म्हणजे जखम भरल्यानंतर मागे राहिलेली विकृती घालवणे. त्यात पांढऱ्या पडलेल्या व्रणाला काळा करणे, काळ्याला उजळवणे, त्या जागी केस उगवणे असे उपाय येतात. तेव्हा ठुशीची चिंता फार जुनी आहे, सायलीताई.

आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र छापून आलं. टिपूच्या माणसांनी नाक कापलेला कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवान, आणि त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून देणारा आपल्या पुण्याकडचा एक विटा-कुंभारकाम करणाऱ्या जातीतला कारागीर. युरोपातल्या सर्जननी ते वाचून धडे घेतले. सोबतच्या चित्रात नव्या नाकाबरोबर कपाळावरचा व्रणही काढलाय.

रोखठोक_रत्नागिरी

पुणेकरांना व्रणातही पुणं सापडलं. धन्य.

नागपूरची_नलू

डॉक्टर, थोडं वेगळं विचारते. भावाचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. छोटी चार भोकं, आठवड्यात सगळी भरली. आता महिना उलटून गेल्यावर बेंबीजवळच्या भोकाशी लालसर गाठ आली आणि त्यातून थोडं थोडं पाणी येतंय. ताप नाही, दुखत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. थांबतं आणि पुन्हा येतं. हाही तो 'वर्षभर चालतं' मधलाच प्रकार का?

टाकेवाला

नाही नलूताई. यात थांबू नका.

भरलेली जखम महिन्या-दीड महिन्याने पुन्हा गाठाळते, पाणी येतं आणि नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नाही, तेव्हा क्षयाच्या जंतूच्या चुलत कुळातल्या जंतूंचा संशय घ्यावा लागतो. पाण्यात-मातीत राहणारे जंतू आहेत. दुर्बिणीची उपकरणं नीट निर्जंतुक झाली नाहीत तर भोकांतून शिरतात आणि सावकाश डोकं वर काढतात. तिसरा कोर्स घेऊ नका. ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे जा, तिथला तुकडा आणि पाणी तपासायला पाठवायला सांगा, आणि त्या जंतूंची वेगळी तपासणी हवी असं स्पष्ट म्हणा. साध्या पू तपासणीत ते सापडत नाहीत. कधी न विरघळणारा टाका किंवा निसटलेला पित्ताचा खडाही असं करतो. काही असो, कारण शोधल्याशिवाय औषध नको. याची औषधं वेगळी आणि महिनोनमहिने घ्यावी लागतात.

अपर्णा_पेठे

बायकांसाठी मीही एक भर घालते, माझ्या मामेबहिणीवरून. सिझरच्या व्रणात एका टोकाला गाठ, आणि ती फक्त पाळीच्या दिवसांत ठणकायची. तीन वर्षं सगळे 'टाक्याचं दुखणं' म्हणत राहिले. निघालं काय, तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे कण व्रणात रुजले होते. दर महिन्याला तेही सुजायचे. ती गाठ काढल्यावर दुखणं थांबलं. व्रण पाळीच्या तारखेला दुखत असेल तर गायनॅककडे जाच.

टाकेवाला

अगदी बरोबर. आणि खोकल्यावर किंवा उभं राहिल्यावर पोटाच्या व्रणाजवळ फुगवटा येत असेल तर तो हर्निया, तोही दाखवा. लाली आजूबाजूला पसरत असेल, गरम लागत असेल, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी.

सायली_डोंबिवली

धागा वर काढतेय. मध्ये बरेच महिने गेले.

सिलिकॉन जेल सकाळ-संध्याकाळ आणि रात्री टेप, असं चालू ठेवलं. जेल वाळल्यावर दोन बोटांनी गोल गोल आणि वर-खाली चोळायचं, आंघोळीनंतर जरा जास्त वेळ. खाज आधी गेली. मग ओढणं. कडकपणा सगळ्यांत शेवटी, अजून डाव्या टोकाला थोडा आहे. रंग आता माझ्या कातडीपेक्षा किंचित गडद, पण लांबून कळत नाही. सासूबाईंनी बटाट्याची भाजी स्वतःहून केली, आबांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर.

लग्नात ठुशी घातली नाही. तेव्हा व्रण लालच होता आणि मणी बरोबर त्यावर घासत होते. लांब मोहनमाळ घातली. तिथे एका काकूंनी मोठ्याने विचारलं, "गळ्याला काय झालं गं?" मी म्हटलं, "ऑपरेशन." त्यांनी तिथेच पदर बाजूला करून स्वतःचा बायपासचा व्रण दाखवला, आणि पुढचा अर्धा तास मांडवात तोच विषय. जेवणाची पहिली पंगत चुकली.

नलूताई, भावाचं काय झालं?

नागपूरची_नलू

तपासणीत डॉक्टर म्हणाले तेच निघालं. औषधं चालू आहेत, पाणी थांबलंय. सगळ्यांचे आभार, विशेषतः टाकेवाले डॉक्टरांचे.

जालन्याचा_जावई

उशिरा आलो, एक शंका. सासूबाईंचा गुडघा बदलून तीन महिने झाले. व्रण सुकलाय, पण गुडघा अजून हाताला कोमट लागतो आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर आहे. मेव्हणा म्हणतो जंतू असतील, अँटिबायोटिक सुरू करू.

टाकेवाला

गुडघ्यात कोमटपणा कित्येक महिने राहू शकतो, आणि बाहेरच्या बाजूचा बधिर पट्टा फार जणांना असतो, छेदात कातडीची बारीक नस जातेच. सूज आणि दुखणं दर महिन्याला कमी होतंय ना, एवढं बघा. वाढत असेल, किंवा थेंबभर जरी पाणी आलं, तर ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडेच जा. आणि मेव्हण्यांना हात जोडून सांगा, घरच्या घरी अँटिबायोटिक नको. आत कृत्रिम सांधा आहे. गोळ्या आधी पोटात गेल्या तर तपासणीत जंतू लपतात, आणि पुढे कुठलं औषध द्यायचं तेच कळत नाही.